नव्वदच्या दशकातली अमेरिका: कपड्यांआड बाळगायची बंदूक कशी निवडत?

निशाणदार
मागच्या धाग्यावर हा प्रश्न अर्धवट राहिला होता, म्हणून वेगळा धागा काढतोय. मर्यादा १९९० ते १९९९. आजची पिस्तुलं कृपया मध्ये आणू नका, नाहीतर चर्चा दोन प्रतिसादांत आटपेल.

थोडी पार्श्वभूमी. १९८७ साली फ्लोरिडाने कायदा बदलला. तोवर बहुतेक राज्यांत परवाना द्यायचा की नाही हे शेरीफच्या किंवा न्यायाधीशाच्या मर्जीवर असे. फ्लोरिडाने ठरवलं की अटी पुऱ्या करणाऱ्याला परवाना द्यावाच लागेल. मग रांग लागली: अॅरिझोना, व्हर्जिनिया, उत्तर कॅरोलायना. टेक्ससमध्ये १९९५ ला गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी सही केली आणि १ जानेवारी १९९६ पासून परवाने लागू झाले. म्हणजे लाखो लोक आयुष्यात पहिल्यांदा 'रोज अंगावर बाळगायची' बंदूक शोधायला दुकानात शिरले.

त्याच सुमारास, १३ सप्टेंबर १९९४ ला, फेडरल कायदा आला. त्या तारखेनंतर बनलेलं दहापेक्षा जास्त काडतुसांचं मॅगझीन सामान्य नागरिकाला विकता येईना. (तो बरोबर दहा वर्षांनी, १३ सप्टेंबर २००४ ला आपोआप संपला.) आता पंधरा काडतुसांच्या जाड दस्त्यात दहाच भरायची असतील तर तो जाड दस्ता कपड्यांखाली का वागवायचा? कंपन्यांनाही हे कळलं आणि दहा किंवा त्याहून कमी काडतुसांभोवती बारीक पिस्तुलं निघू लागली. माझं मत असं की त्या दशकातली निवड समजायची तर गोळीच्या व्यासावरून भांडण्याआधी हा कायदा बघावा.

तेव्हाचे मुख्य पर्याय: स्मिथ अँड वेसनची पाच बारांची छोटी रिव्हॉल्व्हरं (जे फ्रेम), रुगर एसपी १०१, कोल्ट डिटेक्टिव्ह स्पेशल, पिस्तुलांत ग्लॉक १९, १९९५ नंतर ग्लॉक २६ आणि २७, स्मिथचं ३९१३, सिग पी २२८ आणि १९९६ चं पी २३९, कार के ९, कोल्टचं ऑफिसर्स, आणि खिशात मावणारी .३२ आणि .३८० ची (आकडा म्हणजे गोळीचा व्यास, इंचांत) पिल्लं.

सुरुवात रिव्हॉल्व्हरपासून करू या का?

चौकस_चिंचवडी
करा. पण मुळात रिव्हॉल्व्हर का? पिस्तुलं मिळत असताना पाच बारांवर कोण समाधान मानेल?

तेलपाणी
बरेच जण मानत, आणि कारणं पक्की होती.

स्मिथचं मॉडेल ४४२ घ्या, १९९३ चं. अॅल्युमिनियमची चौकट, १ ७/८ इंची नळी, .३८ स्पेशल, रिकामं वजन साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. घोडा आतच झाकलेला, त्यामुळे खिशातून ओढताना कापडात अडकायला काही नाही. कोटाच्या खिशातूनच बार काढायची वेळ आली तरी पाचही बार उडतात. पिस्तुलाची स्लाइड (वरचा मागे-पुढे सरकणारा भाग) पहिल्याच बाराला कापडात अडकते आणि रिकामं टरफल आत राहतं. काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं काडतूस समोर येतं. शिवाय पिस्तुलाला जशी मनगटाची पकड घट्ट लागते तशी रिव्हॉल्व्हरला लागत नाही. ढिल्या हाताने उडवलं तरी ते पुढचं काडतूस भरायला चुकत नाही.

आता तोटे. चाप लांब आणि जड, साधारण साडेपाच-सहा किलोचा, आणि बंदूक अर्ध्या किलोहून हलकी. म्हणजे ओढण्याचं बळ बंदुकीच्या वजनाच्या बारापट. चाप ओढताना नळी हलणारच. सरावाशिवाय सात यार्डांवरही गोळ्या भरकटतात. दुसरं, धक्का. याच काडतुसाला पोलादी मॉडेल ३६ किंवा ६४० सुसह्य वाटतं. ४४२ सारखं हलक्या चौकटीचं 'एअरवेट' तळहाताला झोंबतं. लोक कौतुकाने लाकडी दस्ता लावून घेत आणि पन्नास बारांनंतर रबरी दस्ता शोधत फिरत. रबराचा तोटा वेगळा: तो खिशाच्या अस्तराला चिकटतो.

आता बिघाड. "रिव्हॉल्व्हर अडकत नाही" हे अर्धसत्य आहे. अडकतं तेव्हा वाईट अडकतं:

टरफलं काढताना नळी आडवी धरून टरफलं ढकलणारा दांडा हळूच दाबला तर एखाद्या टरफलाची कड त्या दांड्याच्या टोकावरच्या 'चांदणी'खाली घसरते. मग ते बोटांनी उपसून काढण्याशिवाय इलाज नाही. दोन इंची नळीखालचा दांडा आखूड असतो, .३८ चं टरफल पूर्ण बाहेर ढकलतच नाही. म्हणून नळी आभाळाकडे आणि दांड्यावर तळव्याचा एकच जोरदार फटका. हळू दाबणं हीच चूक.

दांडा आट्यांवर बसवलेला असतो. तो सैल होऊन मागे-पुढे झाला की सिलिंडर (काडतुसं बसतात ते गोल चक्र) उघडतच नाही. १९६० च्या दशकापासून स्मिथने आटे उलटे केले आहेत, तेव्हा सवयीने घड्याळाच्या दिशेने आवळायला जाऊ नका, तो सुटेल.

चांदणीखाली न जळलेल्या दारूचे चार कण बसले तरी सिलिंडर पुढे सरकून नळीच्या मागच्या तोंडाला घासतं आणि चाप दगडासारखा होतो. दर वेळी साफ करताना जुन्या टूथब्रशने चांदणीचा खालचा भाग झाडायचा.

निशाणदार
तेलपाणी, एक भर घाला: १९९६ च्या आधीची एअरवेट आणि नंतरची यांत फरक आहे. ४४२-१ आणि ६४२-१ पासून चौकट थोडी मोठी झाली आणि +पी (नेहमीपेक्षा जास्त दाबाच्या) काडतुसांना कंपनीने हिरवा कंदील दिला. जुन्या ६४२ ला तो नव्हता. वापरलेलं घेताना सिलिंडर उघडून चौकटीवरचा '-१' बघावा.

खटकेबाज
वापरलेल्या रिव्हॉल्व्हरचा विषय निघालाच आहे तर: त्या काळात पोलीस खाती धडाधड पिस्तुलांकडे वळली आणि त्यांची जुनी मॉडेल १०, ६४, ६५ ढिगाने दुकानांत आली. ती मध्यम चौकटीची, जे फ्रेमपेक्षा मोठी, सहा बारांची. मॉडेल १० चा निळसर मुलामा होल्स्टरमध्ये (बंदुकीच्या म्यानात) घासून गेलेला, पण आतून जेमतेम वापरलेली. पोलीस वागवतो रोज, उडवतो वर्षातून दोनदा. पैसे कमी असतील तर याहून चांगला सौदा नव्हता, फक्त लपवायला जरा ढगळ शर्ट लागे.

तपासायचं कसं (आधी रिकामं आहे याची दोनदा खात्री):

सिलिंडर बंद करून पुढे-मागे हलवा. जाणवेल एवढा खुळखुळ नको.
सिलिंडर आणि नळी यांतली फट पातळ पात्यांच्या मापाने मोजा. .००४ ते .००८ इंच चांगली. .०१० च्या पुढे गेली तर सोडून द्या.
घोडा हळू मागे ओढताना सिलिंडरवर बोटाचा हलका अटकाव ठेवा. घोडा पूर्ण मागे अडकण्याआधी सिलिंडर 'टक्' करून बसलं पाहिजे. सहाही घरांना तपासा, एखादंच मागे राहतं.
चढवलेल्या घोड्याला अंगठ्याने मागून पुढे रेटा. तो सुटला तर कुणीतरी घरबसल्या कानस फिरवली आहे. हात जोडून निघा.

चौकस_चिंचवडी
"पोलीस वागवतो रोज, उडवतो वर्षातून दोनदा" :)
बरं, पटलं. आता पिस्तुलं. ग्लॉक २६ चं एवढं कौतुक का?

निशाणदार
कारण ते कायद्याच्या मापाने शिवलेलं आहे.

१९९५ साली २६ (९ मिमी) आणि २७ (.४०) एकत्र आली. २६ च्या मॅगझीनमध्ये बरोबर दहा काडतुसं. त्या वेळच्या खरेदीदाराला हिशेब सरळ होता: नव्या ग्लॉक १९ मध्येही दहाच मिळणार, मग लहान का घेऊ नये?

दुसरा कायदा जुना, १९६८ चा. आयात पिस्तूल 'खेळासाठी योग्य' ठरावं लागे आणि त्यासाठी गुणपत्रिकाच होती. लांबी किमान ६ इंच, उंची किमान ४ इंच, दोन्हींची बेरीज किमान १० इंच. ते जमलं की वजन, खटका (सेफ्टी), दर्शनी (नेम धरायच्या खुणा) वगैरेंचे गुण मिळून ७५ व्हायला हवेत. ग्लॉक २६ ची लांबी ६.२९ आणि उंची ४.१७. ऑस्ट्रियातून येणाऱ्या बंदुकीला याहून फार लहान होणं परवडणारं नव्हतं. याच गुणपत्रिकेमुळे ग्लॉकची .३८० ची मॉडेलं अमेरिकन दुकानांत दिसत नव्हती, आणि म्हणूनच १९६८ नंतर वॉल्थरने पीपीकेची नळी-स्लाइड मोठ्या पीपीच्या चौकटीवर बसवून पीपीके/एस काढलं. अमेरिकेतच बनणाऱ्या बंदुकीला ही गुणपत्रिका लागू नव्हती. खिशातली पिल्लं अमेरिकेतच बनलेली का, याचं उत्तर इथे आहे.

२६ चा दोष जाडी. स्लाइड इंचभर, एकूण ३० मिमी. कार के ९ फक्त ०.९० इंच, म्हणजे २३ मिमी. पोटाशी सात मिलिमीटर म्हणजे खूप! पण के ९ अख्खं पोलादी, सातशे ग्रॅमच्या आसपास, आणि काडतुसं सात. शिवाय करंगळी: २६ च्या दस्त्यावर ती मावत नाही, खाली लोंबकळते. लोक मॅगझीनच्या बुडाला टेकू लावत. मग दस्ता लांब झाला आणि शर्टातून टोक दिसायला लागलं. बंदूक लपवताना नळीची लांबी फारशी आड येत नाही, ती विजारीत जाते. वर उरतो तो दस्ता, आणि टोचतो तोच.

मॅगझीनवाला
२६ ची खरी गंमत वर आली नाही. १७ आणि १९ ची मॅगझीनं त्यात बसतात. १९९४ पूर्वीचं १५ किंवा १७ काडतुसांचं मॅगझीन विकणं-बाळगणं फेडरल कायद्याने वैधच होतं (काही राज्यांचे स्वतःचे नियम वेगळे). म्हणून २६ मध्ये दहाचं लावायचं आणि पट्ट्यावर राखीव म्हणून जुनं १७ चं ठेवायचं, ही पद्धत रूढ झाली. किमती मात्र कित्येक पट चढल्या.

घेताना दोन गोष्टी बघत. एक, 'फक्त पोलीस आणि लष्करासाठी' असा छाप आणि १९९४ नंतरची तारीख असेल तर हातही लावायचा नाही, बाळगणं तेव्हा गुन्हा होता. दोन, जुन्या ग्लॉक मॅगझीनांना आतून पूर्ण धातूचं अस्तर नसे. भरलं की प्लास्टिक फुगतं आणि कळ दाबल्यावर ते आपोआप पडत नाही, उपसून काढावं लागतं. तो बिघाड नव्हे, रचनाच तशी. पण सराव करताना हे ठाऊक नसेल तर माणूस कळ दाबून मॅगझीन पडायची वाट बघत राहतो.

सरळमार्गी
माफ करा, पण ग्लॉकच्या चापाबद्दल कुणी बोलेना. अडीच किलोचा चाप आणि बाहेरून खटका नाही. पहिल्यांदाच बंदूक घेणाऱ्याला हे द्यायचं? त्या मानाने स्मिथ ३९१३ किती तरी शहाणं: एकेरी रांगेची आठ काडतुसं, सातशे ग्रॅम, स्लाइडवर खटका, तोच घोडा सुरक्षित खाली उतरवतो, आणि मॅगझीन काढलं की चाप मेला. पहिला बार लांब-जड, पुढचे हलके. दहाची मर्यादा याला कधी शिवलीच नाही, कारण मुळातच आठ.

खटकेबाज
३९१३ चांगलंच आहे, वाद नाही. पण तुमच्या यादीतला प्रत्येक 'फायदा' दुसऱ्या बाजूने बघा. खटका स्लाइडवर, म्हणजे अंगठ्याने वर ढकलायचा. पकड न बदलता सगळ्यांचा अंगठा पोचत नाही. स्लाइड मागे ओढताना तळव्याने तोच खटका नकळत खाली बसतो, आणि मग चाप ओढला तर काहीच होत नाही. पहिला बार पाच किलोचा आणि दुसरा दोन-अडीचचा, हा बदल शिकायला बरीच काडतुसं जाळावी लागतात.

ग्लॉकचं म्हणाल तर बरेच अपघात होल्स्टरमध्ये परत ठेवताना होतात: शर्टाचं टोक किंवा ओढदोरीची गाठ चापाच्या कड्यात शिरते आणि वरून पिस्तूल खाली रेटलं जातं. म्हणून चाप पूर्ण झाकणारं, तोंड उघडं राहणारं होल्स्टर आणि ठेवताना डोळ्यांनी बघणं. घाई बाहेर काढताना असते, परत ठेवताना कधीच नसते. होल्स्टरशिवाय नुसतं कमरेला खोचायचं असेल तर ग्लॉक घेऊच नये, इतकं स्पष्ट सांगतो.

तेलपाणी
+१. कोल्ट ऑफिसर्सवाल्यांसाठीही दोन ओळी. नळी साडेतीन इंच, स्लाइडचा प्रवास आखूड आणि .४५ चं काडतूस. पाच इंची मूळ रचना ओढून-ताणून लहान केली की वेळेचं गणित बिघडतं: मॅगझीनची स्प्रिंग काडतूस वर आणेपर्यंत स्लाइड पुढे निघून जाते. स्प्रिंगा लवकर थकतात, हजारभर बारांच्या आतच बदलाव्यात. जुन्या ऑफिसर्समध्ये स्प्रिंगच्या टोपीला एक बारीकशी जीभ होती. ती तुटली की टोपी आणि स्प्रिंग पुढून उडून जात. तिथे दुसऱ्या कंपनीची मजबूत टोपी बसवणं हे पहिलं काम. ज्याला .४५ च हवं त्याने सव्वाचार इंची कमांडर घ्यावं, दस्ता पूर्ण आकाराचा, पण चालतं बिनबोभाट.

कोकणातला_दारूगोळा
भारतातून वाचणाऱ्यांसाठी प्रश्न: यातलं काय आपल्याकडे चालतं?

निशाणदार
जवळपास काहीच नाही. ९ मिमी, .३८, .४५ ही आपल्याकडे निषिद्ध बोअर. सामान्य परवान्यावर मुख्यतः .३२ आणि त्याहून खालचं. कानपूरचं सरकारी .३२ रिव्हॉल्व्हर सहा बारांचं, वेब्लीच्या धर्तीवर मधून मोडून उघडणारं.

एक घोळ मात्र नेहमी होतो. त्या रिव्हॉल्व्हरचं .३२ म्हणजे '.३२ स्मिथ अँड वेसन लाँग', कडा असलेलं लांब काडतूस. पिस्तुलाचं .३२ म्हणजे ७.६५ ब्राउनिंग, आखूड. आकडा एक, काडतुसं दोन. खाली पिल्लांची चर्चा होईल ती दुसऱ्या .३२ ची.

बे_एरियाकर
आणि तिकडे असलेल्या आपल्या मंडळींसाठी: ऑक्टोबर १९९८ मध्ये फेडरल कायद्यात दुरुस्ती झाली. एच-१ सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला बंदूक किंवा काडतूस बाळगणंच निषिद्ध झालं. वैध शिकारी परवाना वगैरे मोजके अपवाद. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही. त्या दशकात वायटूकेच्या (सन २००० च्या संगणक-घोळाच्या) कामासाठी गेलेल्यांपैकी कित्येकांना ही दुरुस्ती झाल्याचा पत्ताही नसेल. मित्राची बंदूक स्वतःच्या घरी 'ठेवून घेणं' सुद्धा बाळगण्यातच येतं.

ह्यूस्टनकर
टेक्ससचा तपशील मी देतो, कारण तिथे परवान्याच्या नेमबाजीच्या परीक्षेवरच बंदुकीची निवड ठरत होती.

परवान्यावर दोन शेरे असत. पिस्तुलाने परीक्षा दिली तर दोन्ही प्रकार बाळगता येत. रिव्हॉल्व्हरने दिली तर फक्त रिव्हॉल्व्हर. म्हणून जाणकार सांगत: खिशात जे फ्रेमच ठेवणार असाल तरी परीक्षेला उसनं का होईना, पिस्तूल न्या. परीक्षेची बंदूक .३२ किंवा मोठी हवी. ५० बार: ३ यार्डांवर २०, ७ वर २०, १५ वर १०. कमाल २५० गुण, उत्तीर्ण व्हायला १७५. तीन यार्ड म्हणजे खाटेच्या लांबीच्या जवळजवळ दीडपट. नापास होणारे बहुतेक पंधरा यार्डांवर घाईने गुण घालवत.

कायदा 'लपवून' बाळगण्याचा होता. जाणूनबुजून दिसू देणं गुन्हा. वाऱ्याने शर्ट उडाला तर तो नव्हे. १९९७ पासून खासगी जागेच्या मालकाला बंदी घालायची तर ठरावीक मजकुराची पाटी लावावी लागे, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत, अक्षरं किमान एक इंच उंच. कलम ३०.०६, म्हणून '३०.०६ पाटी'. आणि ज्या ठिकाणी ५१ टक्के किंवा जास्त उत्पन्न तिथेच पिण्याच्या दारूचं, तिथे मुळीच नाही. गाडीत बंदूक सोडून आत जायची वेळ यायची ती इथे. आणि गाड्यांतूनच बंदुका चोरीला जात.

चौकस_चिंचवडी
काडतुसांचं काय? ९ मिमी विरुद्ध .४० विरुद्ध .४५ या महायुद्धाशिवाय धागा पूर्ण कसा होणार?

खटकेबाज
थोडक्यात मिटवू.

११ एप्रिल १९८६, मायामी. एफबीआयचे दोन एजंट मारले गेले, पाच जखमी झाले. त्यात एका हल्लेखोराला ९ मिमीची ११५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी लागली, दंडातून छातीत शिरली आणि हृदयाच्या अलीकडे थांबली. त्यावरून एफबीआयने खोलीचा निकष ठरवला: मांसाच्या जागी वापरायच्या १० टक्के जिलेटिनमध्ये किमान १२ इंच, कमाल १८ च्या आसपास, तेही जाड कपडे, प्लायवूड, पत्रा, गाडीची काच यांच्या आडून. आधी १० मिमी, मग जानेवारी १९९० मध्ये .४० स्मिथ अँड वेसन, ही सगळी त्या दिवसाची पिलावळ.

बाळगणाऱ्याला त्यातून घ्यायचं ते एवढंच: पोकळ टोकाची गोळी कापडातून जाताना टोकात कापूस भरून घेते आणि उमलतच नाही. आखूड नळीत वेग कमी, म्हणजे शक्यता आणखी जास्त. दोन इंची .३८ मध्ये म्हणूनच १५८ ग्रेनची मऊ शिशाची +पी गोळी लोकप्रिय होती; धातूचं आवरण नाही, कमी वेगातही पसरते. ९ मिमीत १२४ किंवा १४७ ग्रेनच्या हायड्रा-शॉक, गोल्ड डॉट. ब्लॅक टॅलन ही पोकळ टोकाची गोळी नोव्हेंबर १९९३ मध्ये विंचेस्टरने सामान्य विक्रीतून काढून घेतली. ती बाकीच्यांपेक्षा फार निराळी नव्हती, नाव आणि काळा रंग नडला.

.४० छोट्या बंदुकीत घेऊ नये असं माझं मत. ग्लॉक २७ ची उडी २६ पेक्षा बरीच जास्त, दुसरा बार उशिरा, आणि त्याबदल्यात मिळतो तो मिलिमीटरचा फरक.

सरळमार्गी
मिटवू म्हणालात आणि शेवटच्या परिच्छेदात काडी लावलीत.

तेलपाणी
पिल्लांकडे वळू या, तिथे शिकण्यासारखं जास्त आहे.

सीकॅम्प .३२: सहा काडतुसं मॅगझीनमध्ये, दर्शनी नाही, खटका नाही. वेटिंग लिस्ट वर्षानुवर्षांची, दुकानात छापील किमतीच्या दुपटीने विक्री. ती विंचेस्टर सिल्व्हरटिप या पोकळ टोकाच्या काडतुसाच्या लांबीवर बेतलेली आहे. पूर्ण आवरणाची गोल टोकाची काडतुसं लांब पडतात, मॅगझीनमध्येच बसत नाहीत. हा दोष समजून लोक मॅगझीन कानसत बसत.

केल-टेक पी-३२, १९९९: बरोबर उलट. ती गोल टोकाच्या लांब काडतुसांसाठी. पोकळ टोकाचं आखूड काडतूस भरलं की मॅगझीनमध्ये पुढे-मागे जागा उरते, धक्क्याने वरचं काडतूस सरकतं आणि त्याची कड खालच्याच्या कडेमागे अडकते. .३२ ला जेमतेम कड असते म्हणून हे होतं. स्लाइड कितीही ओढा, सुटत नाही. मॅगझीन काढून हाताने सोडवावं लागतं. उपाय: गोल टोकाचीच वापरा, किंवा मॅगझीनच्या मागे वाकवलेली तार बसवून जागा भरा. वजन मात्र १९० ग्रॅमच्या आत. दुसरं काहीच अंगावर न ठेवणाऱ्यांना ती मिळाली.

बेरेटा टॉमकॅट, १९९६: नळी मागून वर उघडते, स्लाइड न ओढता काडतूस भरता येतं, बोटांत जोर कमी असलेल्यांना उत्तम. पण टरफल ओढून काढणारी कडी नाही. फुसकं निघालं तर स्लाइड ओढून उपयोग नाही, नळी उघडून नखाने काढा. आणि तिखट युरोपियन काडतुसांनी चौकटीला चिरा जात. कंपनीने काडतुसाच्या जोराला १३० फूट-पाउंडांची मर्यादा सांगितली होती, ती पाळावी.

ह्यूस्टनकर
होल्स्टर? टेक्ससच्या जुलैत शर्टाखाली काय काय टिकेल?

निशाणदार
मी तर क्रम असा लावेन: आधी कपडे, मग पट्टा, मग होल्स्टर, उरलेल्या पैशात बंदूक. अतिशयोक्ती आहे, पण थोडीच.

पट्टा दुहेरी चामड्याचा, सव्वा ते दीड इंच रुंद, होल्स्टरच्या फटींत घट्ट बसणारा. साध्या पट्ट्यावर सातशे ग्रॅम लटकवले की दस्ता बाहेर झुकतो आणि शर्टाला तंबू करतो. विजार कमरेत दोन इंच मोठी घ्यावी. विजारीच्या आतल्या होल्स्टरचं तोंड धातूच्या पट्टीने ताठ केलेलं हवं, नाहीतर पिस्तूल काढल्यावर ते पोटाच्या दाबाने मिटतं. मिल्ट स्पार्क्सचं 'समर स्पेशल' या प्रकारचा आदर्श मानत. खिशात ठेवायचं तर खिशाचं वेगळं होल्स्टर, आणि त्या खिशात दुसरं काहीही नाही. किल्ल्या नाहीत, नाणी नाहीत, गोळ्या-चॉकलेट नाहीत.

पोटावरची चेनवाली पिशवी हे त्या दशकाचं खास लेणं. बंदूक काढायला दोन हात, आणि पिशवी बघून बंदूक ओळखू येई.

मॅगझीनवाला
बाळगण्याआधीची चाचणी कुणी लिहिली नाही. प्रचलित रीत: दोनशे बार साध्या काडतुसांचे, मग जी काडतुसं बाळगणार त्यांचे पन्नास तरी, एकही अडथळा न येता. आला तर शोधा आणि पुन्हा शून्यापासून. मॅगझीनांवर नेलपॉलिशने क्रमांक घाला. अडथळा एकाच क्रमांकाला येत असेल तर दोष पिस्तुलाचा नाही, मॅगझीनचा. दोन्ही हात वेगवेगळे वापरूनही उडवून बघा. ढिल्या मनगटाचं दुखणं तिथेच कळतं.

कोकणातला_दारूगोळा
घामाचं काय? कोकणासारखी हवा असेल तर?

तेलपाणी
फ्लोरिडात तेच रडगाणं होतं. निळ्या मुलाम्याच्या पोलादाला अंगाकडच्या बाजूला आठवड्यात गंज धरतो. रोज रात्री तेलाचा फडका, आणि दस्त्याखालचा भाग महिन्यातून एकदा उघडून. स्टेनलेसही गंजतं, फक्त उशिरा. ग्लॉकची स्लाइड या बाबतीत सगळ्यांत निश्चिंत, पण दर्शनी आणि आतल्या पिना साध्या पोलादाच्या असतात हे विसरू नये. ६४२ च्या अॅल्युमिनियम चौकटीवर पारदर्शक थर असतो, तो घामाने आणि कडक सॉल्व्हंटने पापुद्र्यासारखा सुटतो. दिसायला वाईट, कामाला काही नाही. चामड्याच्या होल्स्टरमध्ये बंदूक महिनोन्महिने ठेवून देऊ नका, चामडं ओल धरतं.

आणि तेल भरपूर म्हणून काडतुसांवर ओघळू देऊ नका. झिरपणारं तेल प्रायमरमध्ये (काडतुसाच्या बुडाच्या ठिणगीच्या टोपीत) शिरलं की बार फुसका.

चौकस_चिंचवडी
शेवटची शंका. रोज रात्री पिस्तूल रिकामं करून सकाळी पुन्हा भरायचं, तर तेच वरचं काडतूस रोज नळीत जाणार. चालतं?

मॅगझीनवाला
नाही चालत. प्रत्येक वेळी गोळीचं टोक नळीच्या तोंडाशी असलेल्या चढणीवर आपटतं आणि ती हळूहळू टरफलात आत सरकते. आतली जागा कमी झाली की दाब वाढतो; .४० मध्ये हे सर्वांत धोक्याचं. उलट अतिहलक्या टायटॅनियमच्या रिव्हॉल्व्हरांत (१९९९ ची एअरलाइट) धक्क्याने उरलेल्या काडतुसांच्या गोळ्या बाहेर येतात आणि सिलिंडर अडवतात, म्हणून त्यांत बिनआवरणाच्या शिशाच्या गोळ्या वापरू नका असा इशारा होता.

पिस्तुलात उपाय सोपा. बाहेर काढलेलं काडतूस नव्याशेजारी टेबलावर उभं करा. लांबी कमी दिसली तर बाद. सारखी दिसली तरी दोन-तीनदा चढवलेलं काडतूस वेगळ्या डबीत टाका आणि ती डबी पुढच्या सरावाला उडवा. लांबी कमी झालेली त्यात घालायची नाहीत.

चौकस_चिंचवडी
आणि त्या कमी लांबीच्यांचं काय करायचं?

मॅगझीनवाला
उडवायची नाहीत, कचऱ्यातही टाकायची नाहीत. रेंजवर फुसक्या काडतुसांचा डबा असतो, त्यात.